विकायला नेलेल्या रेड्याची घंटा

बाबा,

तुला वाचता येत नव्हतं. मुरबाडची एस.टी. आणि शहापूरची एस.टी. तू पाटीवरच्या पहिल्या अक्षराच्या आकारावरून ओळखायचास, आणि त्या दोन गाड्यांपलीकडे तुला कधी कुठल्या गाडीची गरज पडली नाही. त्यामुळे हे जे लिहितोय ते तुला कोणीतरी वाचून दाखवावं लागेल, आणि वाचून दाखवणाऱ्याला सगळं कळेल. ही अडचण मला पहिल्याच ओळीला दिसतेय, तरी लिहितोय. पंधरा वर्षं झाली तुला जाऊन. मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोललो, पण एका गोष्टीपाशी आलो की दरवेळी तिला वळसा घालून पुढे गेलो, कठडा नसलेल्या विहिरीला घालतात तसा. म्हशाच्या जत्रेतली गोष्ट. आपला हल्या, आपला रेडा, आपण विकायला नेला आणि तसाच परत आणला, त्या दिवसाची. तो हल्या त्या दिवशी विकला गेला असता तर तू आज असतास, असं मला वाटतं. आणि तो विकला गेला नाही तो माझ्या तोंडामुळे.

पण आधी हे सांगतो की मी परदेशात जाऊन आलो. व्हिएतनाम म्हणून देश आहे, विमानाने जावं लागतं. नोकरीला नव्हतो गेलो. दहावीला दोनदा बसलो, मग गोदामात खोकी उचलली, टेम्पो चालवला, शनिवार-रविवारी सिद्धगडावर येणाऱ्या ट्रेकवाल्यांना वाट दाखवली. कुठेच फार दिवस टिकलो नाही. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी लावून पाठवलाय. त्या ट्रेकवाल्यांतल्याच एकाने सांगितलं की पाठीवर सॅक टाकून देशच्या देश फिरता येतात, एका खोलीत आठ खाटा असतात, त्यातली एक आपली. त्याची जुनी सॅकही त्याने मला देऊन टाकली. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला, ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाला, "कामाला चाललास काय?" म्हटलं, "नाय, बघायला." "काय बघायला?" "भातशेती हाय तिकडं," मी म्हणालो. त्याने समोर आपल्या खाचराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आणि ही काय द्राक्षाची बाग हाय?" आई आतून हसली. तिचं असं हसणं ऐकून मला किती दिवस झाले होते ते आठवेना.

निघायच्या दिवशी गोठ्यातल्या खुंटीवरची पितळी घंटा काढून मी सॅकला बांधली. आईने बघितलं. "ती कशाला रे?" "असू दे." तिने घंटेवरची जळमटं पदराने पुसली. विमानतळावर सॅक मशीनमधून गेली तेव्हा त्या लोकांनी मला बाजूला घेतलं. "ये क्या है?" म्हटलं, "भैंसे की घंटी." त्याने दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी वाजवून बघितली. "और भैंसा?" "वो मर गया, साहब." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला सोडलं. तिकडे उतरल्यावर पहिल्याच सकाळी त्या आठ खाटांच्या खोलीत मी सॅक उचलली आणि सातजण जागे झाले. समोरच्या खाटेवरची बाई उठली, चाळिशीची असेल, शांतपणे आपल्या पायातला मोजा काढला, घंटेत कोंबला आणि परत झोपली. ही माझी पहिली मैत्रीण. फिलिपिन्सची नर्स. एक नोकरी सोडलेली, दुसरी लागायला महिना होता, त्या महिन्यात फिरत होती. माझं इंग्रजी म्हणजे तुकडे, पण ती पेशंटशी बोलल्यासारखी सावकाश बोलायची, मग मला कळायचं. रोज दुपारी जेवण झालं की ती घरी फोन लावायची, बापाला. तिची भाषा मला ओ की ठो येत नाही, पण बोलण्याचा पहिला शब्द काय असणार ते मला कळायचं. जेवलास का, हेच ती विचारत असणार. मी तेवढ्या वेळात उठून खानावळीबाहेर जाऊन उभा राहायचो. तिने एकदा विचारलं, तुझे वडील? मी म्हटलं, साप. पुढचं मला इंग्रजीत येत नव्हतं. मराठीत तरी कुठे येतं.

ती घंटा तू घेतलेली. आठवतंय ना? आपल्या जोडीतला थोरला हल्या पावसाळ्यात पोट फुगून मेला, आणि उरला एकटा धाकटा. एकट्याने नांगर ओढला जात नाही, त्याला जोडीदार आणायचा नाहीतर त्याला घालवायचा. तू घालवायचं ठरवलंस. मी अकरा वर्षांचा, सुट्टीत दिवसभर त्याच्या पाठीवर पालथा पडलेला असायचो. त्या पाठीवर, खांद्याच्या मागे डाव्या अंगाला, केसांचा एक भोवरा होता, उलटा फिरलेला. मी त्यात बोट घालून फिरवायचो आणि त्याची कातडी थरथरायची. असा भोवरा म्हणजे खोड, असा हल्या मालकाला खातो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. तू मानायचास की नाही ते मला कधी कळलं नाही. जत्रेला निघायच्या पहाटे नदीवर त्याला धुतलंस, शिंगांना तेल लावलंस, आणि उरलेलं तेल त्या भोवऱ्यावर चोळून केस सरळ बसवलेस. मग माझ्याकडे न बघताच म्हणालास, "विचारल्याबिगर बोलायचं नाय. विचारलं तर खोटं नाय बोलायचं. कळलं?" मी मान हलवली.

जत्रेत माणसापेक्षा जनावरं जास्त. धूळ, शेण, तळणीचा वास. मला पाळण्यात बसवतो म्हणाला होतास, पण आधी काम. कर्जतकडचा एक टोपीवाला आला. त्याने हल्याचे दात बघितले, शेपूट ओढलं, पुढे चार पावलं चालवून बघितला. मग खांद्यावरचं उपरणं तुमच्या दोघांच्या हातावर टाकलं. खाली तुमची बोटं भाव बोलतायत आणि वर तुम्ही भलतंच बोलताय. "यंदा थंडी कमी हाय तुमच्याकडं." "हो ना, आंब्याला मोहर बी नाय." मला उपरण्याची हालचाल दिसत होती. कापड एकदा वर झालं, एकदा आत गेलं, मग दोघांचे हात थांबले. तुझ्या तोंडावर ते आलं जे काम झालं की येतं. आणि मी म्हणालो, "बाबा, त्याच्या पाठीवरचा भोवरा दावलास काय यांना?"

टोपीवाल्याने उपरणं उचललं. हल्याच्या पाठीवर हात फिरवला, उलट दिशेने, आणि तेलाने बसवलेले केस उभे राहिले. तो भांडला नाही. "पोरगं खरं बोललं," एवढंच म्हणाला आणि उपरणं झटकून गेला. तासाभरात ते आजूबाजूच्या दोन रांगांना कळलं. दुपारपर्यंत आपल्याकडे कोणी फिरकलं नाही. तू बिडी ओढलीस, विझवलीस, आणि दावं सोडलंस. "चल."

वाटेत तू मारशील असं मला वाटत होतं. मारलं असतंस तर बरं झालं असतं. म्हसा मागे पडला, उजव्या हाताला सिद्धगडाचा डोंगर दिसायला लागला. मग एका आंब्याखाली थांबून, हल्याला पाणी दाखवून तू म्हणालास, "हल्यासमोर बोललास रे. त्याला काय वाटलं असंल?" बस. एवढंच रागावणं. आणि पिशवीतून ती घंटा काढलीस. जत्रेतून निघताना मला गोडीशेवेच्या दुकानापाशी उभं करून तू कुठे गेला होतास ते तेव्हा कळलं. विकायला नेलेल्याच्या गळ्यात तू नवी घंटा बांधलीस. "आता ऱ्हायचाच हाय तर नीट ऱ्हाऊ दे," म्हणालास. आपण तिघं घरी आलो तेव्हा अख्ख्या पाड्याला ऐकू गेलं की गेलेले परत आले.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या माघारी काय झालं ते माहीत नाही. आषाढात काकाच्या एका हल्याबरोबर तू आपला हल्या सावडीने जुंपलास, चिखलणी झाली. संध्याकाळी बांधावर चरायला बांधलेल्या हल्याला सोडून आणायला तू गेलास आणि दाव्यापाशीच घोणस होती. जीप मुरबाडला पोचली नाही. दहाव्याला काका सगळ्यांदेखत म्हणाला, "मी तवाच बोललो व्हतो. त्या हल्यानं मालक खाल्ला. आता तरी घालवा त्याला." आई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "का? तो चावला काय?" आणि त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. कोणी बोलायला लागलं की उठून जायची. हल्या आणखी सात वर्षं जगला, आपल्याच गोठ्यात मेला. ती सात वर्षं मी त्याच्या पाठीवर बसलो नाही. तो माझ्याकडे बघून मान खाली घालायचा, खाजवून घ्यायला, आणि मी पेंढा टाकून निघून यायचो. पुढे सुट्टीत घरी राहायचंच बंद केलं. भिंगरी ती अशी लागली, आईला वाटते तशी नाही.

तर व्हिएतनाम. नर्स आणि मी बसने उत्तरेला गेलो, डोंगरात. तिथे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत खाचरं खाचरं पाडलेला आहे, तू बघितला असतास तर पहिलं हेच म्हणाला असतास की पाणी वर चढवलं कसं. आम्ही बांधावरून एकापाठोपाठ चाललो होतो. मोजा मी सकाळीच काढला होता. पुढे एक म्हातारा नांगर धरून चिखलात उभा होता. घंटा ऐकून तो एकदम मागे वळला आणि ओरडत, हात हलवत आमच्याकडे धावला. त्याला वाटलं कोणाचा तरी रेडा सुटून त्याच्या रोपात शिरतोय. रेडा नाही, माणूस आहे हे बघून तो आधी रागावला, मग चिखलातच बसून हसत सुटला. त्याची सून वरून धावत आली. ती फिरायला आलेल्यांना घरी उतरवते, त्यामुळे तिला इंग्रजी येतं. म्हाताऱ्याने घंटा हातात घेतली, नखाने टिचकी मारली, कानाशी धरली. मग मला वरपासून खालपर्यंत बघून काहीतरी विचारलं. सून म्हणाली, विचारतायत, तू रेडा आहेस की मालक?

आम्ही एका रात्रीसाठी उतरलो आणि नऊ दिवस राहिलो. त्याचा रेडा एकटा नांगर ओढतो, बाबा. जोडी नाहीच. मानेवर एक वाकडं लाकूड, दोन बाजूंना दोन दोर, मागे हलका नांगर, झालं. मी पहिल्या दिवशी बांधावर बसून नुसतं तेच बघत राहिलो. एकट्याने ओढता येतं हे तुला कोणी सांगितलं असतं तर आपण जत्रेला गेलोच नसतो. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने नांगर माझ्या हातात दिला. मी आपल्या पद्धतीने "हिर्र" केलं, रेडा हलेना. तीनदा केलं. नर्स बांधावरून ओरडली, "त्याला मराठी येत नाही." मग मी पुढे गेलो आणि त्याच्या शिंगाच्या मुळाशी खाजवलं. त्याने मान खाली घातली, डोळे मिटले. सात वर्षं ज्याला खाजवलं नाही त्याचीच मान ती, असं मला झालं, आणि मी गुडघाभर चिखलात उभा राहून तसाच खाजवत राहिलो. नर्सला काही कळलं असावं. ती नंतर हसली नाही.

शेवटून दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याबरोबर मी जनावरांच्या बाजारात गेलो, सून आणि नर्स पण आल्या. त्याला एक पारडा घ्यायचा होता. दात बघणं, शेपूट ओढणं, चार पावलं चालवणं, सगळं तेच. उपरणं तेवढं नाही. त्याने तीन पारडे नुसतेच सोडून दिले. चौथ्याच्या पाठीवर हात फिरवला, उलट दिशेने, आणि एकदम मला हाताला धरून पुढे ओढलं. माझं बोट घेऊन त्याने केसांत ठेवलं. खांद्याच्या मागे, डाव्या अंगाला, उलटा फिरलेला. बघायची गरजच नव्हती, बोटाला ओळख होती. मी हात मागे घेतला. म्हणालो, हा नको, त्यांना सांगा, हा नको. सुनेने सांगितलं. म्हातारा माझ्याकडे खुळा असल्यासारखा बघायला लागला, मग बरंच बोलला. सुनेने इंग्रजीत सांगितलं ते मला नीट कळेना, म्हणून नर्सने तेच पेशंटला सांगतात तसं परत सांगितलं. म्हणाली, ते म्हणतात, असा भोवरा शंभरात एखाद्याला. असा रेडा घरात असला तर घरच्या माणसाला काही होत नाही. तो राखतो.

म्हाताऱ्याने तो पारडा घेतला. येताना त्याच्या मागून मी चालत होतो आणि मला खूप राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. इथे खातो आणि तिथे राखतो. म्हणजे ते नुसते केस. काका खोटा, टोपीवाला खोटा. एवढ्याने मला हलकं वाटायला हवं होतं ना? नर्सला मी तुकड्यातुकड्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तुझी चूक नाही. मी हो म्हटलं. पण चालता चालता ते मनात पुन्हा जुळत गेलं. भोवरा खोटा असेल, दावं खरं होतं. हल्या कर्जतला गेला असता तर त्या संध्याकाळी बांधावर काही बांधलेलं नसतं, आणि तू तिकडे गेलाच नसतास. भोवऱ्यावर ढकलायची तेवढी सोय होती, तीही आता गेली.

निघताना म्हाताऱ्याने पारड्याच्या गळ्याला हात लावून दाखवला, मग माझ्या सॅककडे बोट केलं, आणि हसला. काय मागतोय ते कोणालाही कळलं असतं. मी पण हसलो, हात जोडले, आणि कळलं नाही असं दाखवलं. नर्स बसमध्ये म्हणाली, द्यायला हवी होतीस. तिने मला तिचा दुसरा मोजा दिला, जोडी पुरी कर म्हणाली. तिच्या नव्या नोकरीच्या गावाहून अधूनमधून फोन येतो. आधी मला विचारते, जेवलास का. मग विचारते, घंटा काय म्हणते?

आता मी घरी आहे. भात पोटरीला आलंय, आईने या वर्षी अर्धं खाचर दुसऱ्याला कसायला दिलं. घंटा परत खुंटीवर आहे. बाबा, कळलं नाही असं दाखवणं मला नवीन नाही, हे मला त्या बसमध्ये सुचलं आणि तेच सांगायला एवढं लिहिलं. जत्रेत मी अजाणतेपणी बोललो असं सगळे समजले. पोरगं ते, पोटात काही राहत नाही. पण मला तुझं नदीवरचं बोलणं शब्दन् शब्द लक्षात होतं. उपरण्याखालचे हात थांबले, सौदा होतोय हे मला कळलं, आणि मला हल्या जायला नको होता. मी मुद्दाम बोललो.

तू घंटा घेतलीस ती हे ओळखून की न ओळखता, हे मला कळायला हवंय. तू माझ्याजवळ कधी बोलला नाहीस. पण त्या संध्याकाळी घरी येऊन तू आईजवळ काहीतरी बोललाच असशील. चुलीपुढे बसून तुम्ही बराच वेळ बोलत होतात, मला पडवीतून आवाज येत होता, शब्द येत नव्हते. तिला आठवत असणार. या क्षणाला ती आत भाकऱ्या थापतेय. मी पडवीत आहे, मधे एक उंबरा. मी विमानाने समुद्र ओलांडून गेलो, चिनी काड्यांनी भात खायला शिकलो, एका परक्या बाईला जत्रेची गोष्ट सांगून आलो. पण पंधरा वर्षांत तो उंबरा ओलांडून तिला विचारलेलं नाही.

आताच तिने आतून विचारलं, "काय लिवतोस रे एवढं सकाळपासून?"

मी म्हणालो, "काय नाय."

"मग ये जेवायला."